क्वासारची यादी जुळवताना नावावर विसंबू नका

तुम्ही तीन याद्या नावावरून जोडल्या, आता एकच क्वासार (लांबच्या दीर्घिकेचा, कृष्णविवरामुळे झगमगणारा गाभा) तीन-तीन ओळींत दिसतोय आणि त्यातली ‘खरी’ ओळ कुठली, असा प्रश्न आहे. शिवाय एका यादीत जो क्वासार, तो दुसरीत सेफर्ट दीर्घिका, म्हणजे तसाच पण कमी तेजस्वी गाभा असलेली दीर्घिका. सध्या कुठलीच ओळ उडवू नका. जुळवणी पुन्हा करा, नावाच्या रकान्याकडे न बघता, फक्त स्थानावरून.

३सी २७३चंच बघा. केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ यादीवरून हे नाव पडलं. १९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच्याच वर्णपटातल्या हायड्रोजनच्या सरकलेल्या रेषा ओळखल्या आणि ताम्रसृती (रेषा तांबड्याकडे किती सरकल्या त्याचं माप, त्यावरून अंतर कळतं) ०.१५८ निघाली. हाच बी१२२६+०२३ आणि हाच जे१२२९+०२०३. पहिलं नाव १९५०च्या निर्देशांकांचं, दुसरं २०००च्या. त्यातही खोच अशी, की ‘०२३’ म्हणजे क्रांती (आकाशातला अक्षांश) २.३ अंश, तर ‘०२०३’ म्हणजे २ अंश ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). क्वासार जागचा हललेला नाही, परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्यामुळे, आपली निर्देशांकांची जाळी सरकली. ५० वर्षांत सुमारे ४२ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहून जास्त. मी पहिली यादी केली तेव्हा जुन्या तक्त्यातले १९५०चे आकडे सरळ २०००च्या रकान्यात ओतले होते. बरेच दिवस ‘कुणाच्याच यादीत नसलेले’ क्वासार सापडल्याच्या आनंदात होतो.

प्रकाशीय स्थानं असतील तर जुळवणीला एक-दोन विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) मर्यादा पुरते. जुन्या क्ष-किरण सर्वेक्षणांसाठी ती बरीच सैल ठेवावी लागते, आणि मग ०९५७+५६१सारखी प्रकरणं गळ्यात पडतात. जेमतेम ६ विकलांवर दोन ठिपके, दोन्हींची ताम्रसृती १.४१. गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने प्रकाश वळल्यामुळे, दिसणाऱ्या एकाच क्वासारच्या या दोन प्रतिमा, हे १९७९मध्ये पुढे आलं. मी दोन्ही ओळी ठेवतो आणि शेऱ्यात ‘भिंग’ लिहितो.

सेफर्ट की क्वासार, यावर फार डोकं शिणवू नका. व्हेराँ-सेटी आणि व्हेराँ यांच्या क्वासार-यादीत ही सीमारेषा आधी निळ्या पट्ट्यातल्या निरपेक्ष प्रत (मूळ तेजाचं माप, आकडा जितका ऋण तितकं तेज जास्त) −२३वर होती. २०१०च्या तेराव्या आवृत्तीत ती −२२.२५वर आली. त्या आवृत्तीत १,३३,३३६ क्वासार आणि ३४,२३१ सक्रिय दीर्घिका आहेत, पण सीमेजवळच्यांच्या पोटात तेच कृष्णविवर, तीच तबकडी. बीएल लॅसर्टी या अशाच सक्रिय गाभ्याला तर १९२९मध्ये रूपविकारी (तेज बदलणारा) तारा म्हणून नोंदवलं होतं आणि ताऱ्याचं ते नाव अजून तसंच आहे. प्रकाराच्या रकान्यात यादीने काय म्हटलंय ते लिहा, कुठल्या यादीने तेही लिहा.

खरी मेहनत ताम्रसृतीवर घ्या. वर्णपटात एकच रुंद रेषा असली की घोळ होतो. समजा ती ५६०० अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर आहे. मॅग्नेशियमची (मूळ तरंगलांबी २७९८) धरली तर ताम्रसृती १.००, कार्बनची १५४९वाली धरली तर २.६२, हायड्रोजनची लायमन-आल्फा धरली तर ३.६१. म्हणजे वस्तू एकच आणि अंतरं तीन! म्हणून आकड्याशेजारी दोन रकाने वाढवा: किती रेषांवरून काढला, आणि मूळ मोजमाप कुणाचं. तीन याद्यांत तोच आकडा दिसला तरी तिघांनी मोजला असं समजू नका. बहुतेक वेळा दोघांनी पहिल्याचा उचललेला असतो. तुमच्याकडे मतभेद असलेल्या ओळी आहेत, त्यांची सरासरी तर मुळीच काढू नका. १.०० आणि २.६२ यांच्यामध्ये काहीच नाही.

आणि तपासाअंती क्वासार नसल्याचं निघालं, तर ती ओळ पुसण्याऐवजी वेगळ्या तक्त्यात हलवा. व्हेराँ यादीतही असा नाकारलेल्यांचा तक्ता आहे. नाहीतर पुढची यादी जोडताना तोच तारा पुन्हा क्वासार होऊन आत येतो.