इथेनॉलचं पेट्रोल आणि घरचा पिकअप ट्रक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा पिकअप पेट्रोलवर चालतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ‘ई’पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के) भरायला लागल्यापासून ॲव्हरेज पडलंय. इंजिनात बिघाड असेल का?

बहुतेक नसावा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये जेमतेम २१. त्यामुळे ई-१० वर ॲव्हरेज सुमारे ३ टक्के उतरतं, ई-२० वर ६ ते ७ टक्के आणि ई-८५ वर २५ ते ३० टक्के. साध्या पेट्रोलवर लिटरला १० किलोमीटर जाणारा ट्रक ई-२० वर ९.३ गेला, तर इंजिन ठीक आहे. तोच ८ वर आला असेल तर दोष इथेनॉलवर ढकलून मोकळे होऊ नका. टायरमधली हवा, चाकाला घासणारा ब्रेक, एअर फिल्टर, मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर आणि उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट या क्रमाने तपासा.

ॲव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, सलग तीनदा, त्याच रस्त्यावर आणि साधारण तेवढंच वजन लादून. नोझल कधी लवकर बंद होतं, कधी उशिरा. त्यामुळे एकाच टाकीचा आकडा फसवा निघतो.

प्रश्न : ट्रक १९८० च्या दशकातला, कार्ब्युरेटरचा आहे. इथेनॉलचं पेट्रोल चालेल का? काय काय बदलावं?

ई-१० चालेल, पण आधी रबराकडे बघा. नैसर्गिक रबर, कॉर्क आणि जुन्या प्रकारची बरीच कृत्रिम रबरं इथेनॉलमध्ये फुगतात. गाडी उभी राहून ती वाळली की आकसतात आणि चिरतात. म्हणून रोज चालणाऱ्या ट्रकपेक्षा महिनाभर उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये गळती आधी दिसते.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या एकदमच बदला. नळीवर ‘एसएई ३०आर९’ छापलेलं असावं; तिचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा मात्र ३०आर१० चाच हवा. ३०आर९ ही आतून पेट्रोल वाहून नेण्यासाठी असते, बाहेरून भिजत राहण्यासाठी नाही, आणि ही चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते. सोबत फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी कप, नीडल व्हॉल्व्हचं टोक आणि फ्लोट बाउलचं गॅस्केट बदलून घ्या. वायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) भाग मिळाले तर तेच घ्या.

मग टाकी. इथेनॉल चांगलं द्रावक असल्याने वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटतो, त्याबरोबर गंजाचे कणही येतात आणि सगळं फिल्टरमध्ये साचतं. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा, एक जास्तीचा गाडीत ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या टाकीनंतर बदला. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी चढावर वजन घेऊन मरायला लागली, तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. टाकी आतून पत्रा उचकटण्याइतकी गंजली असेल तर फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही.

शेवटी जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधन मोजून सोडणारं बारीक छिद्र. साध्या पेट्रोलला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला १४.१ आणि ई-२० ला साधारण १३.५. जेट तेच ठेवलं तर मिश्रण तेवढं लीन होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. ई-१० ला बहुधा आयडल मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवून भागतं. स्क्रू इंधनाचा आहे की हवेचा, हे आधी ओळखा : इंधनाचा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण रिच (इंधन जास्त) होतं, हवेचा आत घातला की. ई-२० साठी मेन जेटच्या छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढायला हवं, म्हणजे व्यास ४ टक्के. १.३० मिमीचं जेट असेल तर १.३५ चं लावा. त्याआधी नळ्या आणि सीलचं काम पूर्ण झालेलं असू द्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळणं, कार्ब्युरेटरमधून फटका येणं आणि प्लगचं टोक पांढरं पडणं ही लीन मिश्रणाची लक्षणं.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल नक्की किती आहे, हे घरी कळेल का?

अंदाज चांगला येतो. बूच असलेली, खुणा केलेली १०० मिलीची काचेची नळी घ्या. १० च्या खुणेपर्यंत पाणी घाला, त्यात खाण्याच्या रंगाचे एक-दोन थेंब टाका आणि १०० पर्यंत पेट्रोल भरा. बूच लावून मिनिटभर हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा रंगीत थर वाढतो. त्या थराच्या आकड्यातून १० वजा करा, ९० ने भागा, १०० ने गुणा. थर २८ वर आला, तर (२८ − १०) ÷ ९० म्हणजे २० टक्के. एक-दोन टक्के इकडेतिकडे धरा. ई-८५ साठी ही रीत भरवशाची नाही. हे सगळं उघड्यावर, हातमोजे घालून आणि आगीपासून लांब करायचं.

प्रश्न : ट्रक तीन महिने उभा होता. आता सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. टाकीतून काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी गढूळ थर दिसतो.

पेट्रोल फाटलंय. १५ अंश सेल्सिअसला ई-१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत ३०० मिली. पाणी त्यापुढे गेलं किंवा तापमान उतरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुण) उतरलेला असतो.

वरून ताजं पेट्रोल ओतून हे सुधारण्याची आशा धरू नका. इंधन पंपाचा रिले काढून सेल्फ मारा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, टाकी तळापर्यंत रिकामी करा, लाइन साफ करा आणि फिल्टर बदला. काढलेलं पेट्रोल पुन्हा वापरू नका. इतकं पाणी शिरलं कुठून, तेही शोधा. झाकणाचं चिरलेलं सील नेहमीचा गुन्हेगार असतो.

पुढच्या वेळी गाडी उभी करण्याआधी टाकी ९० ते ९५ टक्के भरा, स्टॅबिलायझर घाला आणि ते इंजेक्टरपर्यंत पोचावं म्हणून इंजिन दहा मिनिटं चालवा. स्टॅबिलायझर पेट्रोल शिळं होणं लांबवतो, पण पाणी काढत नाही. ‘इथेनॉल निष्प्रभ करणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर पैसे घालवू नका. टाकीत ओतून इथेनॉल नाहीसं करेल असं कोणतंही द्रव्य नाही.

प्रश्न : चुकून ई-८५ भरलं. ट्रक फ्लेक्स-फ्युएल (ई-८५ पर्यंतच्या कोणत्याही मिश्रणावर चालणारा) नाही. पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ दिसतं.

पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन. ई-८५ ला जवळपास दीडपट नाही, तरी ३५ ते ४० टक्के जास्त इंधन लागतं. बऱ्याच गाड्यांचा संगणक साधारण २५ टक्क्यांपर्यंतच वाढवू शकतो. साठ लिटरच्या टाकीत पाचच लिटर गेलं असेल, तर उरलेली टाकी साध्या पेट्रोलने भरा. मिश्रण ७ टक्क्यांवर येईल. टाकीभर गेलं असेल तर ती रिकामी करा. तोवर वजन लादू नका आणि गाडी पळवू नका. ट्रकला जास्तीत जास्त किती टक्के चालतं, हे इंधनाच्या झाकणाजवळ किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

प्रश्न : डिझेल पिकअपमध्ये थोडं इथेनॉलचं पेट्रोल मिसळलं तर?

अजिबात नको. इथेनॉलचा सीटेन आकडा (डिझेल इंजिनात दाबाने आपोआप पेट घेण्याचा गुण) फार खाली आहे, त्यात डिझेलसारखा वंगणाचा गुण नाही, आणि टाकीत वर साठणारी वाफ सहज पेट घेऊ शकते. हाय-प्रेशर पंप यातच घासून जातो. चुकून भरलं गेलं असेल तर चावी ‘ऑन’लासुद्धा नेऊ नका; बऱ्याच गाड्यांमध्ये तेवढ्यानेच टाकीतला पंप सुरू होतो. ट्रक ढकलून बाजूला घ्या आणि टाकी तिथेच रिकामी करून घ्या.