लँडलाइनवरचं नेट हळू चालतंय. घरातली फोनची वायरिंग नीट केली तर फरक पडेल का?

पडू शकतो, पण पक्कड हातात घ्यायच्या आधी दोष घरात आहे की बाहेर ते बघा. तुम्ही लिहिलंय की प्लॅन 8 एमबीपीएसचा, मिळतं जेमतेम दीड, आणि फोनची रिंग वाजली की नेट तुटतं. ते रिंगचं वाचलं आणि आमचं सदाशिव पेठेतलं जुनं घर आठवलं. डिट्टो हेच दुखणं होतं.

तपासणी दहा मिनिटांची आहे. बाहेरची वायर घरात शिरते तिथे भिंतीवर पहिली डबी असते, तिला रोझेट म्हणतात. तिथून पुढे घरात जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा आणि राउटर तिथेच आखूड वायरने जोडा. (हे करताना रिंग आली तर बऱ्यापैकी झटका बसतो, उघड्या तारांना हात लावू नका.) लॅपटॉप लॅन केबलने लावा, नाहीतर वाय-फायचं पाप वायरिंगच्या माथी माराल. मग राउटरच्या पानावर, बहुतेकदा 192.168.1.1 वर, डीएसएल (म्हणजे फोनच्या तारेवरचं नेट) स्टेटसमध्ये एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरली आहे ते. वायरी सोडवण्याआधीचा आकडाही टिपून ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. हा आकडा 6 डेसिबलच्या खाली असेल तर लाइन तुटत राहण्याची शक्यता जास्त. अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते, मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या अंतराचं असतं, त्याला आपल्याकडे इलाज नाही.

आमचं मार्जिन 5 वरून एकदम 13 वर गेलं. म्हणजे चोर घरातच.

आईसाठी कधीकाळी स्वयंपाकघरात पॅरलल फोन घेतला होता. फोन केव्हाच मोडीत गेला, वायर तशीच राहिली. दर रंगकामाला तिच्यावर डिस्टेंपरचा एकेक थर चढत गेला. वापर नाही म्हणजे त्रास नाही, असं मलाही वाटायचं. पण पुढे काहीच न जोडलेली दहा-पंधरा मीटर वायर म्हणजे बंद बोळ. बोळात हाक मारली की ती भिंतीवर आपटून परत येते, तसा सिग्नल टोकापर्यंत जाऊन परततो आणि मूळ सिग्नलमध्येच कालवाकालव करतो. त्यात कपाटामागे एक जोड सापडला. दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी. पट्टीचा गोंद पाघळून बोटांना चिकटत होता, आतलं तांबं हिरवं पडलेलं. पावसाळ्यात आमचं नेट जास्त का रुसायचं, ते तेव्हा कळलं.

ती फांदी रोझेटपाशीच तोडली. नुसता फोन काढून भागत नाही, वायरच सुटली पाहिजे. मग रोझेटला लागून एकच स्प्लिटर लावला. बोलण्याचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि नेट साधारण 25 च्या वर सुरू होतं. स्प्लिटर दोघांना वेगळं ठेवतो. तो नसेल किंवा नीट लागला नसेल, तर रिंगला नेट तुटू शकतं, त्यामुळे तुमच्याकडे आधी हेच बघा. स्प्लिटर ते राउटर चपटी वायर होती, तीही काढली. तिच्या तारांना पीळ नसतो, त्यामुळे ट्यूबलाइटची चोक, मिक्सर, सगळ्यांचा गोंगाट ती गोळा करते. तपकीर गल्लीतून कॅट-5 ही नेटवर्कची केबल आणली आणि तिची एकच पिळाची जोडी मधे कुठेही न जोडता थेट नेली. खर्च किरकोळ, धूळ मात्र भरपूर. तेव्हापासून 8 च्या जवळपास मिळू लागलं.

रोझेटवर लावूनही आकडा तसाच राहिला तर दोष खांबाकडे. तिथे आपण हात घालायचा नाही. तक्रार देताना मात्र 'नेट स्लो आहे' म्हणू नका, त्यावर राउटर बंद करून चालू करा एवढंच ऐकायला मिळतं. साधा फोन उचलून डायल टोन ऐका. खरखर असेल तर 'लाइनमध्ये खरखर आहे' असं लिहून द्या, म्हणजे लाइनमन येतो.

आणि तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ ते घ्या.