यीनुओ, म्हणजे दिलेला शब्द

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टची एक टीम शांघायला आहे. तिथल्या एका सहकारी मैत्रिणीला मुलगी झाली, महिना पूर्ण झाला म्हणून तिने ग्रुपवर फोटो टाकला आणि नाव सांगितलं यीनुओ. मी नेटवर अर्थ शोधला तर एकीकडे 'वचन', दुसरीकडे 'वचनाप्रमाणे वागणं', तिसरीकडे बायबलमधलं कोणीतरी! शिवाय त्याच टीममधल्या अजून एकाच्या भाचीचं नावही हेच निघालं. नक्की अर्थ काय आणि हे नाव एवढं का चाललंय? मला तिला चार ओळी लिहायच्यात, चुकीचं काही जायला नको. मुलाचंही हे नाव असतं का?

उत्तर: तुम्हाला सापडलेले तिन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळी नावं आहेत. चिनी नाव कानाने ऐकून त्याचा अर्थ सांगताच येत नाही, अक्षरं बघावी लागतात, आणि आपण नेमके तिथेच फसतो कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये किंवा आपल्या देवनागरीत ती अक्षरं गायब होतात. यी हा उच्चार असलेली कितीतरी अक्षरं आहेत. पहिलं अक्षर 'एक' असेल तर नाव 'एक वचन', पहिलं अक्षर 'विसंबणं, त्याप्रमाणे वागणं' या अर्थाचं असेल तर 'वचनाप्रमाणे', आणि तिसऱ्या एका यीने लिहिलं तर ते बायबलमधल्या हनोखचं चिनी रूप. त्यामुळे पहिलं काम म्हणजे मैत्रिणीला सरळ विचारा की कुठली अक्षरं. चीनमध्ये हे विचारणं अगदी रोजचं आहे, लोक एकमेकांना नाव सांगतानाच 'अमुक शब्दातला यी' असं सांगतात, त्यात आगाऊपणा काही नाही.

पण बहुतेक ते 'एक'वालंच असणार. चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने नावांचे वार्षिक अहवाल काढलेत (कुटुंबांची नोंदणी तिथे पोलिसांकडे असते, म्हणून हे काम त्यांचं). २०२० मध्ये जन्मून वर्षअखेरपर्यंत नोंद झालेली बाळं होती सुमारे १ कोटी ३५ हजार, आणि त्यातल्या मुलींमध्ये पहिल्या नंबरचं नाव होतं हे 'एक वचन' यीनुओ, आणि दुसऱ्या नंबरवर 'वचनाप्रमाणे'वालं यीनुओ. म्हणजे कानाला एकच नाव, पहिले दोन्ही नंबर त्याचेच! २०२१ मध्ये रुओशी नावाने पहिला नंबर घेतला पण यीनुओची दोन्ही रूपं पहिल्या दहात होतीच.

आता अर्थ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. नुओ या अक्षराच्या डाव्या बाजूला 'बोलणं' दाखवणारी खूण असते, आणि जुन्या चिनीत नुओ म्हणजे नुसता होकार, कोणी हाक मारली की आपण 'हो' म्हणतो ना ते. प्राचीन शिष्टाचाराच्या ग्रंथात तर असं आहे की वडिलांनी किंवा गुरूंनी बोलावलं तर सावकाश 'नुओ' म्हणत बसू नये, 'वेई' म्हणून चटकन उठावं. त्या होकारातूनच पुढे वचनाचा अर्थ आला, आजही वचनाला रोजचा चिनी शब्द छंगनुओ आहे. आपण मराठीत 'शब्द दिला', 'शब्दाला जागला' म्हणतो ना, तोच 'शब्द' मला यीनुओच्या सगळ्यात जवळचा वाटतो, 'वचन'पेक्षाही.

आणि या 'एक शब्दा'मागे एक खरा माणूस आहे, जी बू. सिमा छ्येनच्या 'शिजी' या इतिहासात त्याची गोष्ट आहे. सत्तेसाठी श्यांग यू आणि ल्यू बांग एकमेकांशी लढत होते, हा श्यांग यूचा सेनापती, त्याने ल्यू बांगला लढाईत पुरतं जेरीस आणलं होतं. पुढे इ.स.पू. २०२ मध्ये ल्यू बांग जिंकून हान सम्राट झाला आणि त्याने जी बूच्या डोक्यावर हजार सुवर्णाचं इनाम लावलं, जो लपवेल त्याच्या कुळाचा नाश. ज्यांनी आसरा दिला त्यांनी त्याचं डोकं भादरलं, गळ्यात लोखंडी कडं घातलं आणि बाकी गुलामांच्या घोळक्यात जू ज्या नावाच्या माणसाला विकलं. जू ज्याने ओळखलं हा कोण ते, पण काही न बोलता विकत घेऊन शेतावर ठेवलं आणि मुलाला सांगितलं, शेतीच्या कामात या गुलामाचं ऐकायचं आणि जेवायला त्याच्याबरोबरच बसायचं. मग त्याने स्वतः लुओयांगला जाऊन ओळखी लावल्या आणि माफी मिळवून दिली. जी बू पुढे मोठा अधिकारी झाला, आणि त्याच्याबद्दल म्हण होती की शंभर मापं सोनं मिळण्यापेक्षा जी बूचा एक शब्द मिळालेला बरा. यातूनच आजचा वाक्प्रचार झाला, 'यी नुओ छ्येन जिन', एक शब्द, हजार सुवर्ण. ज्या माणसाच्या डोक्याची किंमत हजार सुवर्ण होती त्याच्या शब्दाचीही किंमत पुढे तेवढीच सांगितली गेली, हे मला दर वेळी वाचताना थांबवतं.

अजून एक, जे मला फार आवडतं. 'छ्येन जिन', म्हणजे हजार सुवर्ण, हा चिनीत दुसऱ्याच्या मुलीबद्दल आदराने बोलायचा शब्द आहे, 'आपली कन्या' म्हणतो तसा. म्हणजे मुलीचं नाव यीनुओ ठेवलं की वाक्प्रचाराचा उरलेला अर्धा भाग ती मुलगीच झाली!

एवढं का चाललं, तर मागच्या पिढ्यांची नावं बघा. १९४९च्या आसपास ज्येनक्वो, म्हणजे राष्ट्र उभारणं, ही नावं खूप होती. नंतर एकाक्षरी नावांची लाट आली, वेई म्हणजे थोर, जिंग म्हणजे शांत, आणि एकाक्षरी नाव आणि तीच मोजकी मोठी आडनावं यातून इतकी सारखी नावं झाली की जांग वेई नावाची माणसं आज २ लाख ९० हजारांच्या आसपास आहेत. ती मुलं आई-बाप झाली तेव्हा त्यांना स्वतःच्या मुलांना दोन अक्षरी, ऐकायला गोड आणि लिहायला सोपं नाव हवं होतं. यीनुओमध्ये 'एक' ही नुसती एक आडवी रेघ आणि नुओच्या दहा रेघा, पहिलीतल्या मुलीला पण जमतं. गंमत अशी की सारखं नाव टाळायला निघालेले सगळे परत एकाच नावापाशी जमले. तरी नाव आजचंच आहे असं नाही हं, गेट्स फाउंडेशनच्या चीन ऑफिसच्या माजी प्रमुख ली यीनुओ या लाटेच्या आधीच्या. आणि मला यादीत हे नाव वेगळं उठून दिसतं, कारण बाकी मुलींची नावं पाऊस, झाडं, स्वप्न, आनंद अशी, आणि हे एकच वागणुकीबद्दल आहे, तेही एका सेनापतीकडून आलेलं. मुलाचंही असतं, त्यामुळे ईमेलवर नुसतं यीनुओ बघून ताई की दादा ते ठरवू नका.

उच्चार तीन तुकड्यांत यी-नु-ओ करू नका, दोनच तुकडे, यी जरा चढवत आणि न्वो एका दमात वरून खाली आणत.

चार ओळीत 'यी नुओ छ्येन जिन' घाला, तिला नक्की आवडेल, फक्त आधी अक्षरं विचारून घ्या. लाडाने घरात बहुतेक नुओनुओ म्हणत असतील, तुम्हीही म्हणू शकता. पण हौसेने त्याच्या आधी वेईवेई जोडू नका, 'वेईवेई नुओनुओ' म्हणजे चिनीत प्रत्येक गोष्टीला हो ला हो करणारा माणूस.