परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? व्हिसा कोणता, ते आधी विचारा

इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. झालेल्या मुलामुलींची पत्रं वर्षभर येत असतात. देश बदलतात, गोंधळ तोच. कुणी रीलमध्ये पाहिलेलं असतं, कुणाला मैत्रिणीच्या भावाने सांगितलेलं असतं, कुणाला एजंटने. म्हणून यावेळी नेहमीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. व्हिसाचे नियम बदलत राहतात. माझं उत्तर वाचून लगेच कुणाला पैसे पाठवू नका. त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर आजचा नियम स्वतः वाचा.

प्रश्न : 120 तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स चार हजारांत मिळतोय, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ आहे. तो केला की नोकरी नक्की ना? (सांगली)

नाही. टेफल ही कुठली परीक्षा नाही की संस्था नाही. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा तो सर्वसाधारण उल्लेख आहे आणि तसं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. मान्यता कुणाची, हे विचारा. पुष्कळदा मान्यता देणारी संस्थाही त्याच व्यवसायातल्या लोकांनी काढलेली असते. काही देशांत वर्क परमिटच्या अर्जाला असा कागद जोडून भागतं, तेवढाच त्याचा उपयोग. केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्टटेसॉल यांत मात्र खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणं घेत असतो. मुलाखत घेणाऱ्याला हा फरक कळतो. हे कोर्स महाग आहेत, खर्च लाखाच्या वर जातो. त्यामुळे देश आणि व्हिसा नक्की होण्याआधी कर्ज काढून प्रवेश घेऊ नका. ‘सवलत आज रात्री संपते’ असा मेसेज आला तर त्या संस्थेचा विचार सोडून द्या.

प्रश्न : मी मराठी माध्यमातली. माझे उच्चार चालतील का? (लातूर)

स्पष्ट आणि सावकाश बोलत असाल तर चालतील. परदेशी उच्चारांची नक्कल करू नका.

प्रश्न : कोरियात पगार चांगला, राहायला घरही देतात म्हणे. भारतीयांना घेतात का? (नाशिक)

कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इथे तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे हा मुद्दा नसतो, पासपोर्ट कुठला आहे हे पाहिलं जातं. ते अन्यायाचं आहे, पण नियम तसा आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार 2010 पासून लागू आहे आणि त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी वाट ठेवलेली आहे, मात्र त्यासाठी शिक्षकाची पात्रता लागते आणि ती वाट अरुंद आहे. बी.एड. असाल तर दूतावासाकडे लेखी विचारणा करा, नसाल तर कोरियामागे वर्ष घालवू नका.

प्रश्न : व्हिएतनाममधल्या एका इंग्रजी केंद्राने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेऊन निवड केली. म्हणतात, ई-व्हिसावर या, शिकवायला लागा, वर्क परमिट नंतर काढून देऊ. तिकीट काढू का? (पुणे)

काढू नका.

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, म्हणून सविस्तर लिहितो. व्हिएतनामने ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसाची मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवली. ती सोय पर्यटकांसाठी मोठीच झाली, पण त्या मुदतीत ‘आधी शिकवा, मग बघू’ हा उद्योगही फोफावला. थायलंडमध्येही हेच चालतं; तिथे रीतसर कामासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वेगळं वर्क परमिट लागतं. पर्यटक म्हणून जाऊन वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदा काम. तपासणी झाली तर केंद्राला दंड होईल, पण परत पाठवलं जाईल ते तुम्हाला, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात आडवी येईल.

आता ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ पाहा. वर्क परमिटसाठी पदवी आणि पोलीस क्लिअरन्स रीतसर प्रमाणित केलेले लागतात आणि ते प्रमाणन भारतातूनच सुरू होतं. तुम्ही हनोईत असताना मूळ पदवी कुरिअरने घरी पाठवणार, वडील ती घेऊन मंत्रालयात जाणार, मग दिल्ली, मग पुन्हा कुरिअर. तोवर 90 दिवस उलटतात. मग केंद्र सुचवतं की सीमेपलीकडे जाऊन नव्या व्हिसावर परत या. त्यांना घाई कसली? तुम्ही शिकवताच आहात. पगार एक महिना मागे ठेवलेला असतो आणि तक्रार करायला जावं तर तुम्हीच बेकायदा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वर्गात पाय मुरगळला तरी विमा कंपनी पहिल्यांदा व्हिसा मागते.

चांगल्या संस्थेची खूण सांगतो. ती निवड होताच कागदांची यादी पाठवते, ते तयार व्हायला वेळ देते, परमिटसाठी स्वतः अर्ज करते आणि तुम्ही निघण्याआधी कामाच्या व्हिसाची सोय करते. परमिटवर जिचं नाव, करारावरही तिचंच असतं. तुमच्या केंद्राला एकच ईमेल पाठवा : ‘मी कोणत्या व्हिसावर येणार आणि परमिटचा अर्ज कोणत्या तारखेला होणार, ते लिहून कळवा.’ उत्तर फोनवरच येत राहिलं तर नकार द्या.

आणि ज्या ऑफरमध्ये ना पदवी विचारली, ना डेमो घेतला, फक्त थायलंडचं तिकीट पाठवलं, तिच्यापासून तर चार हात लांब राहा. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाने नेऊन म्यानमारच्या म्यावड्डीत डांबलेल्या भारतीयांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्या मुलांना कॉम्प्युटरवरची कामं सांगितली होती. उद्या शिक्षकाची सांगतील.

प्रश्न : दुबईतल्या शाळेत लावून देतो म्हणून एजंट दीड लाख मागतोय. देऊ का? (डोंबिवली)

नाही. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याचा परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर टाकून पाहा. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. शिवाय अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. शंका असेल तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात ऑफर लेटर दाखवून विचारा. एजंट ‘तिकडे जायची गरज नाही’ म्हणाला तर नक्की जा.

प्रश्न : पदवीचे कागद कधी तयार करायचे? ऑफर आल्यावर करू म्हणते. (कोल्हापूर)

आजच सुरुवात करा. ऑफर आल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हातून जागा जातात. अनेकांकडे मार्कशीट असते, पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेलंच नसतं. आणलेलं असलं तर आईने जपून लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं त्या प्रमाणनाचा स्टिकर कागदाच्या मागे चिकटवतात, प्लॅस्टिकवर तो बसत नाही. सोलायला जाऊ नका, कागद फाटतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दुय्यम प्रतीबद्दल विचारा.

दुसरी अडचण नावाची. आपल्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रचना वेगळी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट हाताशी ठेवा. पदवीचं प्रमाणन आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं. ओमान, सौदी अरेबिया यांना अपोस्टिल पुरतं. अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागत आला आहे. पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, कारण जुनं झालेलं चालत नाही.

प्रश्न : डेमो लेसनमध्ये नेमकं काय पाहतात? (सातारा)

तुम्ही किती बोलता ते, आणि ते कमी असावं ही अपेक्षा असते. आपल्याकडचे उमेदवार फळ्यावर ‘प्रेझेंट परफेक्ट’ लिहून नियम समजावतात आणि शेवटी ‘समजलं का?’ विचारतात. मुलं माना डोलावतात. समोरच्या मुलांना तुमची भाषा येत नाही आणि तुम्हाला त्यांची, हे लक्षात घेऊन तयारी करा. सहा चित्रं, एकच वाक्यरचना, मुलांना जोड्यांत बोलायला लावणं आणि तुम्ही बाकांमधून फिरत ऐकणं, एवढं पंधरा मिनिटांना पुष्कळ झालं. समजलं की नाही ते प्रश्न विचारून तपासा. ‘शी हॅज गॉन टू पुणे’ शिकवलं असेल तर विचारा : ‘ती अजून पुण्यात आहे का?’ सरावासाठी जवळच्या शाळेत, बांधकामावर आलेल्या तेलुगू, कन्नड कुटुंबांची मुलं असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शनिवारी शिकवा. मराठीचा आधार सुटला की शिकवणं लगेच बदलतं.

प्रश्न : वय 52, जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, बी.एड. आहे. उशीर झाला का? (अहिल्यानगर)

नाही. आखातातल्या सीबीएसई शाळांकडे थेट अर्ज करा. वयाची अट देशागणिक वेगळी असते, ती शाळेकडून लेखी घ्या. आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्याआधी पेन्शनचं काय होईल, ते आपल्या लेखा विभागात विचारून घ्या.