वाचकांचे प्रश्न: चांगल्या राजाचा शेवट असा का झाला?

प्रश्न: बाबेलचा नबुखद्नेस्सर एवढा गर्विष्ठ, यरुशलेमचं मंदिर पाडणारा, तरी त्याला गादी परत मिळाली. आणि यहूदाचा राजा उज्जीया, जो बराच काळ देवाला धरून चालला, त्याला एका चुकीसाठी मरेपर्यंत कोड. असं का? देवाने त्याला टाकलं का?

उत्तर: आधी उज्जीयाने काय काय केलं होतं ते बघा, म्हणजे त्याचा गर्व कुठून आला ते कळेल. १६ व्या वर्षी राजा झाला, ५२ वर्षं राज्य केलं, पलिष्ट्यांच्या गथ, यब्ने, अश्दोदचे तट पाडले, अम्मोनी लोक नजराणे आणून द्यायचे, शेतीची मनापासून आवड होती म्हणून रानात बुरूज बांधले, पाण्याचे हौद खोदले. सैन्य ३,०७,५०० आणि यरुशलेमच्या बुरुजांवर बाण आणि मोठाले दगड फेकणारी यंत्रं! हे सगळं खरं कर्तृत्व होतं हो, आणि मला वाटतं धोका तिथेच होता. बायबलच्या दुसरं इतिहास या पुस्तकातल्या २६ व्या अध्यायात १५ वं वचन म्हणतं की त्याला अद्भुत मदत मिळत गेली आणि तो बलवान झाला, आणि १६ व्या वचनात लगेच त्याच्या डोक्यात हवा गेलेली दिसते. मदत मिळाली होती हेच विसरला.

मग तो धूप जाळायला थेट मंदिरात शिरला. धूप जाळणं हे फक्त अहरोनाच्या, म्हणजे मोशेच्या भावाच्या, वंशातल्या याजकांचं काम, राजाचंही तिथे चालत नाही. अजऱ्या याजक आणि त्याच्यासोबत ८० याजक मागोमाग आत गेले, आणि बघा, शूर माणसं होती ती, राजाला तोंडावर म्हणाले की इथून बाहेर निघ. खरी वेळ ही होती. धुपाटणं अजून हातातच होतं, ते खाली ठेवून मागे फिरता आलं असतं, पण तो भडकला. आणि कोड उठलं ते याजकांवर संतापलेला असताना, तिथेच धूपवेदीजवळ, कपाळावर. म्हणजे नुसती एक चूक नव्हती ती, अडवल्यावरही ऐकायचं नाही हा हट्ट होता.

नबुखद्नेस्सरनेही आधी ऐकलं नाहीच. संदेष्टा दानीएलने त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगून सावध केलं होतं, तरी १२ महिन्यांनी राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना हे बाबेल मीच माझ्या सामर्थ्याने बांधलं म्हणाला, आणि शब्द तोंडात असतानाच राज्य गेलं, बैलासारखं गवत खात रानात राहिला. पण शेवटी त्याने वर पाहिलं, त्याची बुद्धी परत आली, देवाचं राज्य मोठं आहे हे त्याने मान्य केलं आणि त्याला गादी परत मिळाली. बाबेलचा नंतरचा राजा बेलशस्सर, त्याला तर हे सगळं माहीत होतं तरी तो नमला नाही, दानीएलने त्याला नेमकं हेच सुनावलंय.

उज्जीयाने नंतर पश्चात्ताप केला का ते शास्त्रात लिहिलेलं नाही, त्यामुळे देवाने त्याला कायमचं टाकलं असं मी म्हणणार नाही. कोडामुळे तो वेगळ्या घरात राहिला, मंदिर त्याला बंद झालं, कारभार मुलगा योथाम बघू लागला. पण ज्या अध्यायात त्याचं कोड लिहिलंय त्याच अध्यायात त्याचे हौद, बुरूज आणि त्याने देवाला शोधलं तो काळही लिहिलाय, त्यातलं काहीच पुसलेलं नाही.