सगळ्या किल्ल्या कॅप्टनच्याच खिशात नकोत

प्रश्न : सर, मी भुसावळहून जळगावला अपडाऊन करतो. मेकॅनिकल, तिसरं वर्ष. रोबोकॉन या रोबो बनवण्याच्या स्पर्धेसाठी कॉलेजची टीम आहे, तिचा कॅप्टन आहे. चौदा जण मदत करतात, पण डिझाईन, खरेदी, वायरिंग सगळं माझ्यावरच येतं. दोन विषय राहिले, केटी लागल्या. वडील रेल्वेत आहेत, ते म्हणतात, सोड. काय करू?

उत्तर : मित्रा, पद सोडू नकोस. पण निम्मी कामं याच आठवड्यात दुसऱ्यांच्या नावावर कर.

'मदत करतात' असं तू लिहिलंस, दुखणं तिथेच आहे. मदत करणारा सांगेल तेवढंच करतो. वडिलांना विचार, लोको पायलट कधी सिग्नल देतो का? मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंगला एकेक प्रमुख नेम. मोटार कोणती घ्यायची हे त्याने ठरवलं की तू ते फिरवायचं नाहीस. सुरुवातीला जड जाईल.

खरी भांडणं या तिघांच्या मध्ये होतात. चासी, म्हणजे रोबोचा सांगाडा, तयार होते आणि मोटार ड्रायव्हर, म्हणजे मोटारीला वीज देणारं सर्किट, बसवायला जागाच उरत नाही. प्रोग्रामिंगवाल्यांच्या हाती रोबो येतो तो स्पर्धेच्या दोन रात्री आधी. म्हणून जोडणीसाठी चौथा माणूस हवाच. प्रत्येक भागाचं वजन वहीत लिहिणं आणि रोबो कोडिंगला कधी द्यायचा ती तारीख पाळून घेणं, हे त्याचं काम. त्या तारखेपुढे तुझंही चालता कामा नये. इथे टीममधला सगळ्यात शांत मुलगा किंवा मुलगी बसव.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एकाच्याच ताब्यात दे. तीन सेलची बॅटरी 12.6 व्होल्टला पूर्ण भरते. चार्जिंगला लावून चहाला गेलात तर आग लागू शकते. रोबो चालवणारा मात्र सिनिअर म्हणून निवडू नका, घड्याळ लावून निवडा.

एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉन 2002 पासून चालू आहे आणि दरवर्षी खेळ नवा असतो. जुना रोबो फारसा कामाला येत नाही, शिकलेली माणसं येतात. प्रत्येक प्रमुखाच्या हाताखाली सेकंड इयरचा एक जण ठेव, नाहीतर तुम्ही पास होऊन गेलात की टीम पुन्हा शून्यावर.

इंटरव्ह्यूत नुसत्या पदावर कुणी थांबत नाही. कुठला निर्णय घेतलास, कुणाला तयार केलंस, हे विचारतात.

शनिवारी बैठक घे, नावं फळ्यावर लिही, बॅटरीच्या कपाटाची किल्ली देऊन टाक. मग संध्याकाळची गाडी पकड आणि घरी जाऊन केटीचं पुस्तक उघड.