ग्रामीण भागातील डॉक्टर आणि परिचारिका अडल्यावर माहिती कुठून मिळवतात?

आपण विचारले आहे की अशा वेळी पुस्तक उघडले जाते, गूगल केले जाते की कोणाला तरी विचारले जाते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा आधी माणसालाच विचारले जाते. हे आपल्याकडचेच नव्हे. लॉस एंजेलिसमधील ४७ डॉक्टरांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात डॉक्टरांना दर तीन रुग्णांमागे साधारण दोन प्रश्न पडत होते, त्यांपैकी सुमारे ३० टक्के प्रश्नांचीच उत्तरे रुग्ण समोर असताना मिळत होती आणि तीही बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडून.

याला आळस म्हणता येणार नाही. रात्री साप चावलेले लहान मूल येते आणि घोणस चावली की फुरसे, हे नातेवाइकांना सांगता येत नाही. कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे पाहावे. आपल्याकडील एएसव्ही (सर्पविषावरील प्रतिविष) चारही प्रमुख विषारी सापांवर चालत असल्याने साप ओळखण्यासाठी थांबू नये. आणि मुलालाही मोठ्यांइतकाच डोस द्यावा, कारण तो वजनावर नव्हे तर शरीरात गेलेल्या विषावर अवलंबून असतो, हे सारे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. या सूचनांचा तक्ता कपाटात नव्हे, भिंतीवरच हवा. परंतु श्वास मंदावू लागला तर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात आज व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे तेथे फोन केल्याशिवाय कळत नाही. विषबाधेच्या रुग्णाच्या पोटात गेलेले कीटकनाशक अनोळखी असेल, तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक उपयोगी पडतो.

आशाताईंना गृहभेटींचे दिवस आणि नवजात बाळातील धोक्याची लक्षणे प्रशिक्षणात शिकवलेली असतात. तरीही बाळ दूध ओढेनासे झाले की त्या आरोग्यसेविकेला किंवा गटप्रवर्तक ताईंना फोन करतात, आणि ते योग्यच आहे.

व्हॉट्सॲप गटांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. परिपत्रक तेथे सर्वांत आधी पोहोचते हे खरे, पण रद्द झालेले परिपत्रकही तेथेच पुन्हा फिरत राहते, त्यामुळे तारीख व जावक क्रमांक पाहिल्याशिवाय त्यावरून डोस ठरवू नये. फोनवरचा सल्ला मात्र आम्ही सांगणाऱ्याचे नाव आणि वेळ यांसह केसपेपरवर लिहितो, कारण ड्यूटी बदलल्यावर येणाऱ्या सिस्टरना पहिला प्रश्न तोच पडतो.